टेकू काढून बघा

दर गुरुवारी सकाळी हेरंब सोवनीचा चहा गार व्हायचा. २०४३ साल उजाडलं होतं, तरी दैनिक ‘ध्रुव’ गुरुवारी आणि रविवारी अजून कागदावर निघायचं, आणि गुरुवारच्या अंकात जयराज निकुंभचा स्तंभ असायचा. हेरंब तो तांबडी पेन्सिल घेऊन वाचायचा. आधी तर्कातल्या चुका, मग व्याकरणातल्या, आणि काहीच सापडलं नाही तर विरामचिन्हांच्या. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्याचा चेहरा असा व्हायचा, की समोर बसलेली मेधा आपणहून बशी बाजूला सरकवायची.

“एवढा त्रास होतो तर वाचतोस कशाला?” ती अठ्ठावीस वर्षं हे विचारत होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच.

“समोरचा काय म्हणतो ते माहीत असावं.”

“समोरचा? अरे, एकाच पेपरात लिहिता तुम्ही. एकाच बाजूचे.”

तेच तर दुखणं होतं. डाव्यांवर हेरंबचा राग नव्हता. ते चुकणारच, असा त्याचा प्रेमळ समज होता. पण जयराज आणि तो एकाच वर्षी नाशिकला ‘ध्रुव’मध्ये उमेदवारीला लागले होते. दोघंही उजव्या विचारांचे. सरकारने देवळांतून, घरांतून आणि माणसाच्या खिशातून हात काढावा, पोरांनी मातृभाषेत शिकावं, जुनं मोडण्याआधी दहादा विचार करावा, हे दोघांनी एकाच कळकट टेबलावर बसून लिहिलेलं. पुढे परंपरा पक्ष याच गोष्टी बोलत सत्तेवर आला. मग सत्तेवरचे पक्ष करतात ते त्यानेही केलं, म्हणजे बोललेलं हळूहळू विसरला. जयराज पक्षाबरोबर गेला. “पक्ष टिकला तर विचार टिकेल,” असं तो म्हणायचा. हेरंब मागे राहिला. “विचार बुडवून टिकलेला पक्ष काय मुरंब्यात घालायचाय?” असं तो म्हणायचा आणि ते वाक्य आपलं आपल्यालाच फार आवडतं हेही त्याला ठाऊक होतं.

जयराजच्या लेखाला नऊशे पत्रं यायची, हेरंबच्या लेखाला साठ-सत्तर. त्यातली निम्मी एकाच निवृत्त तहसीलदाराची. जयराजच्या पुस्तकाला मुख्यमंत्री प्रस्तावना लिहायचे. लग्नात लोक जयराजला पुढच्या रांगेत बसवायचे आणि हेरंबला सांगायचे, “तुमचंही वाचतो हं.” त्या ‘ही’ने हेरंबच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग तो स्वतःला समजवायचा की आपल्याला पत्रं नकोत, मान नको, आपल्याकडे तत्त्व आहे. खरं सांगायचं तर तो जळत होता. मेधाला ते माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, बहुधा त्या तहसीलदारालाही माहीत होतं.

त्या वर्षी ‘ध्रुव’चे संपादक निवृत्त व्हायचे होते. खुर्चीसाठी दोनच नावं होती, आणि ती कोणती हे सांगायला नको. निर्णय विश्वस्तांच्या हातात होता. अध्यक्ष वसुधाताई गायधनी, वय पंच्याहत्तर, कमी बोलणारी बाई. विश्वस्तांचा कल जयराजकडे आहे असं कचेरीत सगळे म्हणत होते. हेरंबची झोप उडाली. या खुर्चीवर त्याने तरुणपणापासून डोळा ठेवला होता, आणि ती मिळाली नसती तरी त्याने सोसलं असतं. ती जयराजला मिळालेली बघणं मात्र त्याला सोसवलं नसतं.

आणि नेमका तेव्हाच टेकूचा बोलबाला झाला.

यंत्राचं खरं नाव होतं आधार-विश्लेषक. पुण्याच्या एका संशोधन केंद्रात डॉ. ओवी सरदेशमुख आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं होतं. एखाद्या माणसाची मतं मुळात कशावर उभी आहेत हे ते सांगतं, असा त्यांचा दावा होता. न्यायाधीशांचे निकाल, बाजारतज्ज्ञांचे सल्ले, क्रिकेटच्या निवड समितीचे निर्णय, सगळ्यांवर ते चालवून झालं होतं, आणि बऱ्याच मोठ्या माणसांची तोंडं लहान झाली होती.

हेरंबने आपल्या रविवारच्या स्तंभात लेख लिहिला. शीर्षक होतं ‘टेकू काढून बघा’. संपादक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या चाचणीला सामोरं जावं, कोण विचारावर उभा आहे आणि कोण पक्षाच्या खांद्यावर, हे वाचकांना कळू दे, असं त्याने ठणकावलं. लिहिताना त्याला फार बरं वाटत होतं. जयराज चिडेल, गुरुवारी उत्तर देईल, आणि दिलेलं प्रत्येक उत्तर त्याच्याच गळ्यात अडकेल.

गुरुवारी जयराजने द्राक्षांच्या निर्यातीवर लिहिलं. विश्वस्तांना त्याने एका ओळीचं पत्र पाठवलं होतं: ‘चाचणीला माझी हरकत नाही.’ हेरंबने द्राक्षांचा लेख तीनदा वाचला. कुठेतरी आडून टोला असेल म्हणून शोधला. नव्हता.

ओवी सरदेशमुख गंगापूर रोडवरच्या कचेरीत आली तेव्हा हेरंबला वाटलं, ही कुणाची तरी मुलगी असेल. पस्तिशीची, साधा कुडता, खांद्याला पिशवी. दोघांना समोर बसवून तिने नीट समजावून सांगितलं.

“तुमचे सगळे लेख मी यंत्राला वाचायला देणार. दोघांचे मिळून तीन हजारांच्या आसपास आहेत. शिवाय तुम्ही लेख लिहिलात त्या त्या आठवड्यात तुमच्या डोळ्यांसमोरून जे जे गेलं असेल, ते सगळं. बातम्या, पक्षाची पत्रकं, भाषणं, वाचकांची पत्रं, दुसऱ्यांचे लेख, अगदी कांद्याचा भाव आणि त्या दिवशीचं तापमानसुद्धा. यंत्र त्यातून तुमच्यासारखा विचार करायला शिकतं. इतकं, की तुमचा एखादा जुना लेख त्याच्यापासून लपवला, तर तुम्ही त्या आठवड्यात काय भूमिका घेतली असेल ते ओळखतं.”

“आणि टेकू?” जयराजने विचारलं. त्याला खरंच कुतूहल वाटत होतं, आणि तेही हेरंबला खुपलं.

“तोच पुढचा भाग. स्लॅब घालताना खाली टेकू लावतात ना, तसं समजा. आम्ही एकेक टेकू काढतो. पक्षाची पत्रकं काढून घेतली आणि तरी यंत्राला तुमची भूमिका ओळखता आली, तर पत्रकांवर काही अवलंबून नव्हतं. काढल्यावर अंदाज कोसळला, तर स्लॅब त्याच टेकूवर होता. सात-आठशे गोष्टी अशा काढून बघायच्या. अहवाल ज्याचा त्याला मिळेल. विश्वस्तांपुढे दाखल करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“मी करणार,” हेरंब लगेच म्हणाला.

“बघू की आधी,” जयराज म्हणाला.

महिन्याभराने अहवाल आले. हेरंब कचेरीत पोचला तेव्हा जयराज जिन्यातच भेटला. त्याच्या हातात कागद होता आणि तो चक्क हसत होता.

“एकसष्ट टक्के पक्ष!” त्याने लांबूनच सांगितलं. “एकोणीस टक्के विचार. बायकोला दाखवला. म्हणते, एवढे मार्क तर तुला दहावीलासुद्धा नव्हते.”

“मग? दाखल करणार नाहीस ना?”

“केला की. आत्ताच देऊन आलो ताईंना. आता आहे ते आहे, लपवून काय करू?” हेरंबच्या पाठीवर थाप मारून तो खाली गेला.

एकसष्ट! हेरंबला गगन ठेंगणं झालं. पण त्या हसण्याचाही त्याला हेवा वाटला. अब्रूची लक्तरं हातात घेऊन हा माणूस हसतो कसा? आपल्याला हे कधी जमलं नाही.

ओवीने त्याला आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

“सर, तुमच्या लेखनात पक्षाचा वाटा तीन टक्के.”

“तीन तरी कसा?” हेरंब प्रसन्नपणे म्हणाला.

“विचारांचा सव्वीस.”

“सव्वीस?”

“आणि बावन्न टक्के एकाच गोष्टीचा.” तिने आकड्यावर बोट ठेवलं. “निकुंभसरांचा गुरुवारचा लेख. तो काढून घेतला, की यंत्राला तुमचा रविवारचा लेख ओळखताच येत नाही. तो असला, की लगेच येतो. बहुतेक वेळा त्याच्या उलट.”

हेरंब हसला. मग थोडा ओरडला. मग तर्काला लागला. “अहो, तो पक्षाचं लिहितो, पक्ष चुकतो, मी बरोबर ते लिहितो. ते उलटच येणार! यात त्याचा काय संबंध?”

“मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून पक्ष बरोबर होता तेव्हाचे लेख वेगळे काढले.” तिने कागद उलटला. “मातृभाषेतून शिक्षणाचा कायदा. तुम्ही अकरा वर्षं मागत होतात, तसाच्या तसा झाला. निकुंभसरांनी गुरुवारी त्याचं कौतुक केलं. रविवारी तुम्ही लिहिलंत, ‘कायदा ठीक, पण कलम नऊचं काय?’”

“कलम नऊ होतंच गोंधळाचं.”

“कलम नऊ शाळांच्या उन्हाळी सुट्टीबद्दल आहे, सर.”

हेरंबने कागद पुढे ओढून स्वतः वाचला.

“आणखी एक. २०३६ साली निकुंभसरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सात आठवडे त्यांचा स्तंभ नव्हता. त्या सात रविवारी तुम्ही काय लिहिलंत ते आठवतं? पत्रलेखनाची कला. अळूचं फदफदं. गल्लीतली मांजरं. मांजरांवर दोन लेख आहेत. त्याच सात आठवड्यांत सरकारने तीन मोठे कायदे केले.”

त्या वेळी हेरंबने उन्हाळ्याला दोष दिला होता. त्याला आता चांगलं आठवलं. कायद्यांचे मसुदे टेबलावर पडलेले, आणि मनात एकही वाक्य उठत नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला गेलो आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ या पोरीने मोजून हातात ठेवलं, असं त्याला झालं.

“तुमचं यंत्र एवढं हुशार आहे,” तो कसाबसा म्हणाला, “तर येत्या रविवारी मी काय लिहीन ते सांगा.”

“आज मंगळवार आहे, सर,” ओवी ओशाळून म्हणाली. “गुरुवारशिवाय नाही सांगता येणार.”

हेरंबने अहवाल बॅगेत घातला. विश्वस्तांची बैठक सोमवारी होती. दाखल करीन असं आपण ओवी आणि जयराजच्या देखत म्हणालो होतो, हे त्याला आठवत होतं, आणि दाखल करणार नाही हे त्याने जिना उतरतानाच ठरवलं होतं.

बुधवारी परंपरा पक्षाच्या सरकारने देवस्थान विधेयक मांडलं. राज्यातली सगळी मोठी देवळं सरकारी मंडळाच्या ताब्यात जाणार होती. सरकारने देवळांतून हात काढावा असं ज्या पक्षाने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, त्यानेच आता कोपरापर्यंत हात आत घातला होता. हेरंबला संताप आला, आणि संतापाच्या पोटात आनंदही झाला. जयराज याचं समर्थन करणार. करावंच लागेल त्याला. मग रविवारी आपण आहोतच. त्याने विधेयकाविरुद्ध तेरा मुद्दे लिहून काढले. बघा, हा माझा विचार, गुरुवारच्या आधी सुचलेला, असं त्याने मनातल्या मनात ओवीला सुनावलंसुद्धा.

गुरुवारी त्याने अंक उघडला. जयराजने लिहिलं होतं: ‘पक्षाचं मीठ खाल्लं आहे म्हणूनच हे सांगण्याचा अधिकार मला आहे. हे विधेयक आपल्याच वचनाशी बेइमानी आहे. ते मागे घ्या.’

सुरेख लेख होता. साधा, दुखावलेला, कुठेही आवाज न चढवलेला. हेरंबच्या पेन्सिलीला काही सापडलं नाही. वर्षानुवर्षं एकट्याने वाळवंटात ओरडलो, आणि हा लबाड एका सकाळी उठून येतो आणि माझी जागा घेतो! दुपारपर्यंत जयराजचा लेख सगळीकडे पोचला. केवढं धैर्य, केवढी तत्त्वनिष्ठा, असं लोक लिहीत होते. तत्त्वनिष्ठा! हा शब्द इतकी वर्षं हेरंबच्या मालकीचा होता.

शुक्रवारी तो लिहायला बसला. मेधा त्याचा लेख नेहमी पहिल्यांदा वाचायची. तिने वाचला आणि चष्मा काढला.

“हे काय आहे?”

“लेख.”

“‘विधेयकाकडे पूर्वग्रहाने पाहू नये. सरकारी देखरेख आणि सरकारी ताबा यांत फरक आहे.’ हेरंब, हे तू लिहिलंस?”

“नीट वाच. बारीक मुद्दा आहे. लोक भावनेच्या भरात...”

“परवा तुझे तेरा मुद्दे होते. ते कुठे गेले?”

ते कुठे गेले हे त्यालाही कळलं नव्हतं. पहिल्या ओळीपासून त्याला मनापासून वाटत होतं की विधेयकात तसं तथ्य आहे. लबाडी करतोय असं एकदाही वाटलं नव्हतं, आणि तेच आता त्याला फार भयंकर वाटलं. त्याने बॅगेतून अहवाल काढून मेधापुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला. शेवटचं पान झाल्यावर ती म्हणाली, “बावन्नच?”

“तुला माहीत होतं?”

“अरे, गुरुवारी माझ्याकडे बघायचास तरी का तू?” ती रागाने बोलली नाही. “आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस गुरुवारी आला होता. मला म्हणालास, थांब, याचा शेवटचा परिच्छेद होऊ दे.”

हेरंबला तो दिवस आठवला नाही. जयराजचा तो लेख मात्र आठवला. शब्दन् शब्द आठवला.

तो परत खुर्चीवर बसला आणि लेख पुसून टाकला. मग चाळीस मिनिटं त्याने एक वाक्य लिहिलं. ‘जयराज निकुंभ यांचे म्हणणे बरोबर आहे.’ सात वेळा लिहिलं, सहा वेळा खोडलं. कधी ‘बऱ्याच अंशी’ घातलं, कधी ‘उशिरा का होईना’ घातलं, आणि काढून टाकलं. शेवटी ते वाक्य तसंच ठेवून त्याखाली तेरा मुद्दे जोडले आणि विचार बदलण्याच्या आत पाठवून दिलं.

रविवारी निवृत्त तहसीलदाराने लिहिलं, ‘तुमची तब्येत बरी आहे ना?’ जयराजकडून काहीच आलं नाही. हेरंब दिवसभर फोन उलटा-सुलटा करून बघत राहिला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तो विश्वस्तांच्या खोलीत गेला. अहवाल बॅगेत होता आणि बॅगेतच राहणार होता. आत वसुधाताई आणि दोन विश्वस्त होते. जयराज नव्हता.

“बसा, हेरंबराव,” ताई म्हणाल्या. “निकुंभांनी आज सकाळी नाव मागे घेतलं. म्हणाले, एकसष्ट टक्के पक्षावर उभा होतो, आता पक्षच सुटला, तर आधी मी कुठे उभा आहे ते मलाच बघायला हवं. अशा माणसाने दुसऱ्यांचे लेख तपासू नयेत.”

हेरंब खुर्चीत पुढे सरकला.

“आणि त्यांनी तुमचं नाव सुचवलंय. त्यांचे शब्द सांगते: हेरंब सोवनी कुणाच्याही टेकूवर उभा नाही. आमचंही तेच मत आहे. तुमचा अहवाल आलेला नाही, पण आता त्याची गरजही वाटत नाही.”

खुर्ची मिळाली होती. हेरंबच्या मनात पहिला विचार आला तो नाही म्हणण्याचा, कारण जयराजने हो म्हटलं होतं. तो विचार त्याने ओळखला आणि त्याला स्वतःची किळस आली. पण लगेच दुसरा प्रश्न आला आणि तो तोंडातून सुटलाही.

“जयराजने रविवारचा माझा लेख वाचला?”

ताईंनी जरा नवलाने बघितलं. “नाही बहुतेक. मी विषय काढला, तर म्हणाले, लोकांकडून कळलं. तुमचं वाचणं होत नाही म्हणाले, फार वर्षांत. तुम्ही काय लिहिणार ते ठाऊकच असतं, विश्वासाचा माणूस आहे, असं म्हणाले.”

“त्याचा अहवाल आहे ना तुमच्याकडे? त्यात माझा वाटा किती आहे?”

ताईंनी फाइल उघडली. सात-आठशे नावांची यादी होती. त्यांचं बोट पानामागून पानं खाली सरकत गेलं. कांद्याचा भाव शून्य पूर्णांक चार टक्के होता, तापमान शून्य पूर्णांक एक. सगळ्यांत शेवटी, ज्यांचा परिणाम मोजण्याइतका नाही अशा गोष्टी एका ओळीत कोंबल्या होत्या.

“इथे आहात,” ताई म्हणाल्या. “आकडा नाहीये.”

अठ्ठावीस वर्षं. चौदाशे रविवार. हेरंबला रडू येईल असं वाटलं, आणि आलं ते हसू, तेही अर्धवट. कांद्याइतका तरी! एक टक्का जरी निघाला असता, तरी त्या आनंदात तो ही खुर्ची सोडायला तयार झाला असता. इतका जळालेला तो आयुष्यात कधी नव्हता, आणि आज त्याला जयराजमध्ये एकही खोट काढता येत नव्हती.

त्याने बॅग उघडली आणि अहवाल टेबलावर ठेवला.

ताईंनी पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेजारच्या विश्वस्ताकडे सरकवलं. “हेरंबराव,” त्या सावकाश म्हणाल्या, “हा दाखल झाला तर आम्हाला फेरविचार करावा लागेल. तुम्हाला कळतंय ना? आत्ता उचललात तर आम्ही तो पाहिलाच नाही.”

“कळतंय. राहू दे.”

“तत्त्व म्हणून?”

हो म्हणायला हेरंबची जीभ वळली होती. इतकी वर्षं त्याच शब्दावर ती वळायची.

“नाही, ताई,” तो म्हणाला. “याची एक प्रत जयराजकडे पाठवा.”

“ती कशाला?”

“वाचू दे त्याला.”